'नेटकऱ्यांनी उडवली खिल्ली', बरं मग पुढं?

मा. संपादक,
नमस्कार. तुमच्या वेबसाइटवर हल्ली दिवसाआड 'नेटकऱ्यांनी उडवली खिल्ली' अशी बातमी असते, खाली चार मीमचे स्क्रीनशॉट, की झाली बातमी. त्यावरून लिहायलोय.

मीम मलाबी आवडतात. जून २०२२ ला गुवाहाटीवरून 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' आलं तवा लग्नाच्या पंगतीतबी तेच चालू होतं. पण त्या टायमाला राज्याचं सरकार पडायलं होतं, आमदार आधी सुरत मग आसाम, आणि आपण आठ दिवस डोंगार डोंगार करत बसलो. ते बोलणारे आमदार शहाजीबापू पाटील स्टार झाले (२०२४ ला सांगोल्यात पडले ते सोडा). त्यामानानं 'पन्नास खोके' बरं, फुटलेल्या आमदारांनी पन्नास कोटी घेतले हा आरोप खरा का खोटा ते बाजूला ठेवू पण त्यात सवाल तरी होता, पोळ्याला लोकांनी बैलाच्या अंगावर रंगवला तो.

२०२४ च्या विधानसभेला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये आणि मोंढ्यात, म्हणजे बाजारात, चार हजाराच्या आसपास. आडतीवर मापाला थांबलेली माणसं मोबाइलवर काय बघायली होती तर कोणता उमेदवार भाषणात अडखळला, त्याला पिक्चरचा डायलॉग जोडलेला.

आमच्या भावकीतला एक पोरगा फ्लेक्सच्या दुकानात बसतो. इलेक्शनमध्ये दोन्हीकडचे कार्यकर्ते त्याच्याकडंच यायचे, एकाचं मीम सेव्ह केलं की त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्याचं उत्तर, पैसे रोख आणि नाव कुणाचंच नाही. त्याला काही वाटत नाही, धंदा आहे. पण तेच मीम गावच्या ग्रुपवर पडलं की आडनावं काढून भांडणं. २०२४ ला बीड लोकसभेचा निकाल साडेसहा हजार मतांच्या फरकानं लागला तवा पोस्टींवरून आमच्या जिल्ह्यात बंद पाळले गेले, शेजारशेजारची माणसं एकमेकाच्या दुकानात जाईनात. ते ग्राफिक बनवणारा कोण होता, कुणाला माहीत?

व्हॉट्सॲपनं २०२० पासून लई फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं, पोरं स्क्रीनशॉट मारून नव्यानं टाकतात, विषय संपला. आणि कायदा कडक करा म्हणणाऱ्यांनी पालघर आठवावं. २०१२ ला एका पोरीला फेसबुक पोस्टसाठी आणि दुसरीला नुसतं लाईक केलं म्हणून उचललं होतं, शेवटी आयटी कायद्यातलं ते कलम ६६-अ सुप्रीम कोर्टानं २०१५ ला रद्द केलं. पोलिसांच्या हाती हे दिलं की पहिला गरीबच सापडतो.

म्हणून तुम्हालाच सांगायलोय. मीम छापा, बिनधास्त छापा, पण क्लिप कापलेली असंल तर पुढारी मूळ भाषणात काय बोलला ते खाली दोन ओळीत द्या, आणि ग्राफिकमधला आकडा खरा का खोटा तेबी. आणि मोंढ्याचे भाव जरा वरच्या पानावर घ्या, आत कुठंतरी बारीक अक्षरात असतात, चष्मा लावूनबी दिसत नाहीत.

— एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)