अण्णांचा फोटो भिंतीवर लावण्याबद्दल

सिडनी, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, तुझा गुडघा आता कसा आहे ते फोनवर तू नीट सांगत नाहीस, म्हणून दादाला विचारलं. जिन्याची चढउतार कमी कर एवढंच सांगते. पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे, म्हणजे बाबांना भिंगाशिवाय वाचता येईल.

बाबा, हे पत्र जास्त करून तुमच्यासाठी आहे. पंधरा ऑगस्टला फोनवर दादाच्या लेकीने विचारलं, "आजीचे बाबा तुरुंगात गेले होते, मग तुमचे बाबा तेव्हा काय करत होते?" तुम्ही म्हणालात, "ते इंग्रजांच्या नोकरीत होते," आणि लगेच पावसाचा विषय काढलात. पोरगी गप्प बसली. मला मात्र ते उत्तर फार लागलं.

आपल्या ओटीवर आईच्या वडिलांचा, नानांचा, स्वातंत्र्यसैनिक म्हणून मिळालेला १९७२ चा ताम्रपट आहे आणि असायलाच हवा. तुमच्या वडिलांचा, अण्णांचा, खलाशाच्या गोल टोपीतला फोटो मात्र माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत. लहानपणी मी एकदा तो बाहेर काढला तर आजीने हातातून घेऊन परत ठेवला होता. घरात कुणी कधी अण्णांना वाईट बोललं नाही, पण बेचाळीस साली एक व्याही येरवड्याला आणि दुसरा राजाच्या आरमारात, ही गोष्ट आपल्याकडे जरा हळू आवाजातच बोलली गेली. मला वाटतं, आता ती मोठ्याने बोलावी.

अण्णा एवढंच सांगायचे ना, "सिडनीहून बोट आणायला गेलो होतो." मी इतकी वर्षं इथे राहते, तर म्हटलं ती बोट शोधावी. इथे बंदरात कॉकाटू नावाचं बेट आहे. फेरीने जाता येतं. आधी कैद्यांचा तुरुंग, मग मोठी गोदी, आता जागतिक वारसा म्हणून जपलेलं. दगडात खोदलेल्या सुक्या गोद्या आणि गंजलेल्या क्रेन अजून जागच्या जागी आहेत. युद्धात ऑस्ट्रेलियाने बाथर्स्ट वर्गाच्या साठ छोट्या युद्धनौका बांधल्या. मूळ काम पाणसुरुंग काढायचं, पण काफिल्याला सोबत करायची, पाणबुडी हुसकायची, सगळंच त्यांच्या गळ्यात पडलं. साठांपैकी चार हिंदुस्थानच्या आरमारासाठी होत्या: बॉम्बे, मद्रास, बेंगॉल आणि पंजाब. त्यातली बेंगॉल या कॉकाटू बेटावर २८ मे १९४२ ला पाण्यात उतरली. तीनच दिवसांनी, ३१ मेच्या रात्री, जपानच्या बुटक्या पाणबुड्या याच बंदरात घुसल्या आणि कटाबुल नावाच्या बोटीवर झोपलेली एकवीस माणसं गेली. त्या रात्री आपली बॉम्बे बंदरातच नांगरलेली होती. अण्णांच्या वयाची कोकणातली मुलं त्या बोटीवर असणार, हे मनात आलं आणि मी बराच वेळ धक्क्यावरच उभी राहिले. रत्नागिरीकडचे हिंदू आणि कोकणी मुसलमान पिढ्यान्पिढ्या त्या आरमारात भरती होत होते. पोटासाठी जात होते, हे खरंच आहे. आपल्याकडे पोटासाठी समुद्रावर कोण गेलं नाही?

आता काम काय होतं ते सांगते, कारण ते तुम्हालाही कुणी नीट सांगितलं नसावं. मच्छीमारीचा ट्रॉलर मागे जाळं ओढत नेतो ना, तशी ही बोट शेकडो मीटर पोलादी तार मागे सोडून चालते. तारेच्या टोकाला वर तरंगणारा फ्लोट असतो आणि पाण्याखाली एक फळ्यांची चौकट तिला बोटीपासून बाजूला ओढून धरते. सुरुंग तळाच्या वजनाला दोराने बांधलेला, पृष्ठभागाच्या खाली दडलेला असतो. तार त्या दोरात अडकते, दोर कापला जातो, सुरुंग उसळून वर येतो आणि मग डेकवरून नेम धरून गोळीने तो फोडायचा किंवा बुडवायचा. पण तार आहे मागे. बोट स्वतः पुढे जाते ती अजून न झाडलेल्या पाण्यातून. आणि अण्णा स्टोकर होते, बाबा. बॉयलरपाशी, पाण्याच्या रेषेच्या खाली. सुरुंग बोटीखाली फुटला तर वर उभ्या असलेल्याला निदान उडी मारायला वेळ मिळतो.

पुढे लोहचुंबकी सुरुंग आले. ते तळाशी पडून असतात, वरून जाणाऱ्या पोलादी बोटीचं चुंबकत्व ओळखून फुटतात. त्यांना तारेने कापता येत नाही. मग बोटीभोवती विजेच्या केबली गुंडाळून तिचं चुंबकत्व मारायचं आणि मागे प्रवाह सोडलेल्या लांब केबली ओढून सुरुंग दूरवर फोडायचे. दिवसचे दिवस तोच पट्टा, पुन्हा तीच फेरी. काही सापडलं नाही तर ते काम चांगलं झालं, आणि त्याची कुठे बातमी येत नाही. मुंबईच्या बंदरात धान्य घेऊन येणारं गलबतसुद्धा असल्याच झाडलेल्या वाटेने आत यायचं.

ते पाणी कुणाचं होतं तेही बघा. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून गेलं, अंदमान जपान्यांनी घेतलं. एप्रिलमध्ये कोलंबोवर बाँब पडले आणि दुसऱ्या दिवशी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर. १९३९ साली व्हाइसरॉयने कुणाला न विचारता हिंदुस्थानला युद्धात ढकललं, त्याचा नानांना आलेला संताप शंभर टक्के योग्य होता. पण युद्ध आपल्या दारात आलेलंही खरं होतं, आणि दारात कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

आता बेंगॉलची गोष्ट. १९४२ च्या नोव्हेंबरात ती ओंडिना नावाच्या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे निघाली होती. ११ तारखेला, कोकोस बेटांच्या नैऋत्येला, क्षितिजावर दोन जहाजं दिसली: होकोकु मारू आणि आयकोकु मारू. जपानने प्रवासी बोटी म्हणून बांधायला घेतलेली आणि व्यापारी जहाजांच्या शिकारीसाठी सज्ज केलेली. प्रत्येकी दहा हजार टनांच्या वर, आठ-आठ मोठ्या तोफा, पाणतीर म्हणजे टॉर्पेडो, पाण्यावर उतरणारी विमानं, आणि वेग एकवीस नॉट. बेंगॉल साडेसहाशे टनांची, वेग पंधराच्या आसपास. तिला बसवायची मोठी तोफ मिळालेली नव्हती म्हणून एक लहान, बारा पौंडी तोफ बसवली होती आणि तिचे चाळीसेक गोळे. ओंडिनाच्या मागच्या बाजूला एक चार इंची तोफ होती. तिला बत्तीस गोळे.

पळून सुटका नव्हती. बेंगॉलच्या कप्तानाने, लेफ्टनंट कमांडर विल्सनने, ओंडिनाला निसटायला सांगितलं आणि आपली बोट सरळ त्या दोन जहाजांच्या रोखाने वळवली. बाबा, इथे थांबून विचार करा. खाली बॉयलरपाशी काहीच दिसत नाही. घंटा वाजते, पूर्ण वेग मागितला जातो, आणि बोट दूर जात नाही, जवळ जाते आहे, हे तोफांच्या आवाजावरून कळत असणार. तरी वाफ कमी पडू द्यायची नाही. बेंगॉलच्या खालच्या माणसांनी ती पडू दिली नाही.

बेंगॉल आणि ओंडिना दोघीही गोळे सोडत राहिल्या. एक गोळा होकोकु मारूवर असा बसला की पाणतीर असलेल्या जागी आग लागली, ती मागच्या दारूगोळ्यापर्यंत गेली आणि ते अवाढव्य जहाज फुटून बुडालं. तो गोळा ओंडिनाचा होता असं बहुतेक इतिहासकार मानतात, आणि मला ते मान्य आहे. ओंडिना पळून न जाता लढली, हे त्या डच आणि इतर खलाशांचं मोठेपण आहे. पण बेंगॉल अंगावर आली नसती तर शत्रूच्या सगळ्या तोफा पहिल्या क्षणापासून ओंडिनावरच रोखलेल्या असत्या. त्यामुळे श्रेयाच्या वाटणीत मला फारसा रस नाही.

बेंगॉलला गोळे लागले, मागच्या भागात आग लागली, दारूगोळा संपत आला तेव्हा धुराचा पडदा सोडून ती बाजूला झाली. बोटीवरचा एकही माणूस गेला नाही. ओंडिनावर मात्र कप्तान विलेम हॉर्समन मारले गेले, बाकीचे होड्यांत उतरले, आणि आयकोकु मारूने त्या होड्यांवर मशिनगन चालवली. ओंडिनाला पाणतीर मारले, ती बुडणार असं समजून शत्रू निघून गेला. ती बुडली नाही. उरलेले लोक परत वर चढले, आग विझवली, कललेली बोट सरळ केली आणि आठवड्याभरात फ्रीमँटलला पोहोचले. इकडे बेंगॉल दिएगो गार्सियाला लागली ती ओंडिना गेली असं मनात धरून. विल्सनला मोठं पदक मिळालं. खलाशांची नावं पुस्तकांत क्वचितच दिसतात.

आणि बाबा, ही बेंगॉल आरमारात रुजू झाली तो दिवस होता ८ ऑगस्ट १९४२. त्याच दिवशी मुंबईत गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला, ज्यासाठी नाना आत गेले. आई, तू याला योगायोग म्हणशील. मला त्यात आपलं घर दिसतं.

चार वर्षांनी दोन्ही टोकं जुळली, तेही विसरू नका. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईतल्या 'तलवार' या आरमारी तळावरच्या खलाशांनी निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांची शिवीगाळ सोसणार नाही म्हणून संप केला आणि तो बोटीबोटींवर, तळातळांवर पसरला. काँग्रेसचा, लीगचा आणि लाल असे तिन्ही झेंडे फडकले. मुंबईची माणसं गेटवेपाशी त्यांना खाणं पोहोचवत होती, परळ-लालबागचे कामगार रस्त्यावर आले, गोळीबारात दोनशेहून जास्त गेले. नाना तेव्हा परळमध्येच होते, त्या दिवसांबद्दल ते भरभरून बोलायचे. अण्णा गोदीत होते, ते कधीच बोलले नाहीत. संपानंतर शेकडो खलाशांना काढून टाकलं गेलं आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना परत घेतलं नाही. अण्णा त्यांच्यापैकी होते का हे मी तुम्हाला विचारणार नाही, सांगावंसं वाटलं तर सांगा. पण ते तोंड मिटून बसले त्यात लाज असेल असं मला वाटत नाही. ज्याची कुणी चौकशीच केली नाही असा माणूस किती बोलणार?

म्हणून माझं मागणं आहे. अण्णांचा फोटो ताम्रपटाच्या शेजारी लावू या, त्याच उंचीवर. आणि दादाच्या लेकीने पुन्हा विचारलं तर तिला सांगा की पणजोबा समुद्रातले सुरुंग काढायचे.

आणखी एक. ट्रंकेत त्यांचे आरमारातले कागद असतील, त्यात बोटींची नावं लिहिलेली असतात. दादा आला की त्याला उघडायला सांगा, तुम्ही माळ्यावर चढू नका. कागद जीर्ण झाले असतील, तर ओढू नका, आहेत तसेच मोबाइलवर फोटो काढून पाठवा. बॉम्बे निघो, बेंगॉल निघो, की दुसरी कुठली, मला नाव हवंय. फ्रेम मी डिसेंबरात आल्यावर करून घेईन. खिळा मात्र आत्ताच ठोकून ठेवा.

तुमची,
सुमा