अजिंठ्याच्या भिंती कॉमिक्सच्या पानावर याव्यात म्हणून: केंद्रीय संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री यांस,
स. न. वि. वि.

बुद्धप्रतिमा आणि जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा, आज अनेक कॉमिक्स चित्रकार नव्याने रेखाटत आहेत. त्यांच्यासाठी स्पर्धा आणि महोत्सव भरवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने एक काम करावे: अजिंठ्याची प्रत्येक चित्रित भिंत अखंड, मोजमापासह उपलब्ध करून द्यावी.

पुस्तकांत या भिंतींचे सुटे तुकडे छापले जातात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. अजिंठ्यात प्रसंग अनेकदा काळाच्या नव्हे, स्थळाच्या हिशेबाने मांडलेले असतात. दहाव्या लेण्यातल्या छद्दंत (सहा सुळ्यांच्या हत्तीच्या) जातकात हत्तीचे अरण्य एकीकडे, काशीचा राजवाडा दुसरीकडे. कथा या दोहोंत ये-जा करते. अशी भिंत सरळ डावीकडून उजवीकडे चौकटींत कापली की कारणाआधी परिणाम येतो. म्हणून प्रत्येक भिंतीसोबत प्रसंगांना क्रमांक दिलेला रेखानकाशा हवा. त्यात झडलेला भाग आणि दुरुस्तीत लिंपलेला भाग वेगवेगळ्या रेघांनी दाखवावा, नाहीतर लिंपणाची कडाच कुणीतरी वस्त्राची घडी समजून गिरवतो.

रंगांचे दुखणे वेगळे. १९२० नंतर इटालियन तज्ज्ञांनी दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला. छायाचित्रातून संगणकावर रंग उचलला की तो पिवळेपणाही पानावर उतरतो. लाजवर्द या दगडाच्या पुडीचा निळा मळकट हिरवा होतो. प्रत्येक छायाचित्राच्या कडेला रंगतक्ता आणि मापपट्टी ठेवली तर एवढे तरी सावरता येईल. फ्लॅशवरची बंदी योग्यच आहे, पण त्यामुळेच हे काम खात्याने नियंत्रित प्रकाशात करायला हवे. बारीक रेघ दिसायला मिलिमीटरला दहा पिक्सेल लागतात, म्हणजे चार मीटरच्या भिंतीला ४०,००० पिक्सेल रुंदीची फाइल.

मुद्रांचाही एक तक्ता द्या. दोन पात्रांची नजर जुळावी म्हणून चौकट आरशासारखी उलटवली की भूमिस्पर्श मुद्रेतला, जमिनीला टेकलेला उजवा हात डावा होतो आणि चीवराबाहेरचा (भिक्षूच्या वस्त्राबाहेरचा) खांदाही बदलतो. पहिल्या लेण्यातला मुकुटधारी पद्मपाणी बोधिसत्त्व, म्हणजे अजून बुद्ध न झालेला, ‘बुद्ध’ म्हणून छापणे तर नेहमीचेच. (सरकारी पत्रकेही याला अपवाद नसावीत.)

पावित्र्य तपासणारी समिती मात्र कृपया नेमू नका. सांचीच्या तोरणांवर बुद्ध मानवी रूपात नाही. तिथे रिकामे आसन, पावले आणि बोधिवृक्ष आहेत. पुढच्या शिल्पकारांनी त्याला चेहरा दिला, तेव्हा तेही नवेच होते. कॉमिक्समध्ये कुणी पुन्हा रिकामी चौकट काढली, तर ती अनादर ठरवण्याआधी सांची आठवावी.

वापराची परवानगी, व्यावसायिक छपाईसह, प्रत्येक फाइलवरच लिहिलेली असावी. प्रत्येक पानासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागला तर छोटे प्रकाशक त्या वाटेला जाणार नाहीत. सुरुवात सतराव्या लेण्यापासून करावी. विश्वंतर, छद्दंत, सिंहलाची कथा असा चित्रकथांचा मोठा साठा तिथे आहे. त्यानंतर पहिले, दुसरे आणि सोळावे लेणे घ्यावे.

आपले,
चित्रकथा रेखाटणारे काही चित्रकार