कोमाचीची कविता छापायला जागा नव्हती का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ओनो नो कोमाचीवरचा लेख वाचला. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जपानी कवयित्रीला मराठी वृत्तपत्रात अर्धे पान मिळाले, याबद्दल आधी मनापासून आभार. आभार एवढेच.

त्या अर्ध्या पानात तिची कविता किती? एकही नाही. तिचे रूप आहे, गर्व आहे. शंभर रात्री दाराशी येण्याच्या अटीवर नव्व्याण्णव रात्री खेपा घालून मेलेला फुकाकुसाचा उमराव आहे. म्हातारपण, चिंध्या, भीक सगळे यथासांग आहे. आकिताला जाणारी बुलेट ट्रेन आणि तांदळाचे वाण तिच्या नावाने ओळखले जाते, हेही आहे, आणि ते खरेही आहे. कवयित्रीच्या लेखात तांदूळ येतो, पण कवितेच्या पाच ओळी येत नाहीत.

कोमाची नवव्या शतकातली, सम्राट निनम्योच्या (इ. स. ८३३ ते ८५०) दरबाराच्या आसपासची. तिचे म्हणून खात्रीने हाती लागते ते ९०५ मध्ये राजाज्ञेने सुरू झालेल्या 'कोकिनश्यू' या संग्रहात. तिथे तिच्या अठरा कविता आहेत. नव्व्याण्णव रात्री तिथे कुठेही नाहीत. ती कथा पुढे नोह या जुन्या जपानी नाट्यप्रकाराने गाजवली. 'सोतोबा कोमाची' हे नाटक ज्यांच्या नावावर सांगतात ते कानआमी १३८४ मध्ये वारले. मधल्या वर्षांचा हिशेब आपल्या लेखकाने करावा आणि मग ठरवावे, की हा प्रसंग चरित्रात घालायचा की दंतकथेत. गंमत म्हणजे त्याच नाटकात ही जख्खड म्हातारी पडलेल्या स्तूपावर बसते, कोया पर्वतावरचे दोन बौद्ध भिक्षू तिच्यावर खेकसतात आणि ती त्यांच्याच धर्मशास्त्राने त्यांना निरुत्तर करते. शेवटी भिक्षूच तिच्यापुढे माथा टेकवतात. लेखात भिकारीण तेवढी आली, तिने जिंकलेला वाद गाळला.

एवढे चिडायला काय झाले, असे घरच्यांनीही विचारले. सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मंडळाने 'जगाची कविता' असा कार्यक्रम ठेवला होता. निवृत्तीनंतर मी हौसेने जपानी शिकले, म्हणून मला कोमाचीच्या सहा कविता मराठीत करून वाचायला सांगितल्या. मी महिनाभर त्यांच्याशी झटत होते. कार्यक्रमात निवेदिकाबाईंनी माझी ओळख करून देता देता त्या नव्व्याण्णव रात्री सांगायला घेतल्या. बर्फ पडले, पाऊस पडला, उमरावाचे जोडे फाटले. पहिल्या रांगेतून 'अरेरे, बिचारा!' असा उसासाही आला. मी माइकशी पोचते तोच हातात चिठ्ठी: 'मॅडम, पाककृती स्पर्धेचा बक्षीस समारंभ आहे, एकच कविता घ्या.' मी एकच वाचली. नंतर शाल-श्रीफळ देताना चिटणीस म्हणाले, "त्या नव्व्याण्णव रात्रींचं फार सुंदर सांगितलंत हो!"

वाचली ती कविता अशी. कियोयुकी नावाच्या एका दरबारी माणसाने तिला लिहून पाठवले, की तू दिसत नाहीस म्हणून माझे अश्रू शुभ्र मोत्यांसारखे ओघळताहेत, बाहीत बांधू म्हटले तरी राहत नाहीत. त्यावर कोमाचीचे उत्तर:

बाहीवर मोती होऊन बसतात
ते अश्रू वरवरचे.
माझे मला आवरतच नाहीत,
उसळत्या प्रपाताला
बांध कुठून घालू?

ही बाई रूपाच्या गर्वात दार लावून बसलेली वाटते का? समोरच्याचीच प्रतिमा उचलून त्याला गप्प करते आहे. आणि हीच कोमाची दुसरीकडे म्हणते, त्याचाच विचार करत डोळा लागला म्हणून का तो दिसला, स्वप्न आहे हे कळते तर जागी झालेच नसते. मिकावा प्रांतात नेमणूक झालेल्या यासुहिदेने 'येतेस का तिकडे बघायला?' म्हणून विचारले, तर उत्तर गेले की मी मूळ तुटलेले पाणवनस्पतीचे पान आहे, बोलावणारे पाणी असेल तर निघेन म्हणते. ते खरेच निघणे आहे की थट्टा, यावर मी अजून घरात एकटीच वाद घालते.

लेखकाने 'कोकिनश्यू'च्या प्रस्तावनेतले, त्या संग्रहाच्या संपादकांपैकी एक असलेल्या त्सुरायुकीचे वाक्य मात्र आवडीने दिले आहे: तिची कविता आजारी सुंदर स्त्रीसारखी. पण त्सुरायुकीने तिथे ज्या सहा कवींबद्दल लिहिले, त्या सगळ्यांनाच चिमटे काढले आहेत. नारिहिराची कविता म्हणजे रंग उडालेले, वास तेवढा उरलेले फूल आणि कुरोनुशी म्हणजे मोळी घेऊन फुलांखाली टेकलेला लाकूडतोड्या. लाकूडतोड्या वगळून आजारी बाई तेवढी उचलायची, हे कसले संपादन?

लेखासोबतच्या चित्राबद्दल काय बोलावे? चेहऱ्याला पांढरा रंग, केसांत काटे, हातात पंखा, म्हणजे सरळसरळ गेइशा! गेइशा अठराव्या शतकातल्या. आपल्या चित्रकाराने कोमाचीला नऊशे वर्षे पुढे नेऊन बसवले. तेराव्या शतकातल्या छत्तीस कवींच्या प्रसिद्ध चित्रगुंडाळीत चित्रकाराने कोमाचीला पाठमोरी काढले आहे. चेहरा दाखवलाच नाही. त्याला तो ठाऊक नव्हता आणि त्याने तसा आवही आणला नाही.

जागा नव्हती, असे आपण म्हणाल. तिच्या कविता एकतीस अक्षरांच्या असतात हो. त्याच पानाच्या तळाशी पूर्वी 'कवितेचा कोपरा' असायचा. तो काढून तिथे साप्ताहिक राशिभविष्य आले, आणि आता बाजूच्या पानावर दैनिक राशिभविष्यही आले. माझ्या राशीला रविवारी दोन्हीकडे वेगवेगळे फळ होते, एकीकडे धनलाभ आणि दुसरीकडे खर्च. निदान त्यांतले एक कमी करा आणि कोपरा परत सुरू करा. माझी बाकीची पाच भाषांतरे तयार आहेत, मानधन नको.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, पुणे