चित्रांचं पुस्तक हे पुस्तक असतं का? उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ग्राफिक नॉव्हेल वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना वाचक समजण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवून बसले आहे. जमेल असं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे पुस्तक परीक्षण स्पर्धेचा निकाल लागला. 2025 च्या 1 जानेवारीपासून पंधरा दिवस आपल्या विभागाने ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा गजर राज्यभर केला, त्यानंतर आमच्या महाविद्यालयानेही ही स्पर्धा मनावर घेतली. सूचनेत स्वच्छ लिहिलं होतं, ‘आवडीचं कोणतंही एक पुस्तक’. मी ‘भीमायन’ घेतलं, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट चित्रांतून सांगणारं ग्राफिक नॉव्हेल. आठ पानी परीक्षण लिहिलं, हाताने, कारण टाइप केलेलं चालणार नव्हतं. ते बाद झालं. कमी गुण पडले असते तर मी गप्प बसले असते. पण ते तपासलंच गेलं नाही.

कारण विचारायला गेले तर समन्वयक सर म्हणाले, “अगं, हे कॉमिक आहे. पुस्तक आण, पुस्तक. कादंबरी आण, आत्मचरित्र आण. कॉलेजात आलीस ना आता?” शेजारच्या मॅडम म्हणाल्या, “आमचा चौथीतला पण दिवसभर हेच घेऊन बसतो.” स्टाफरूम हसली. मीही हसले, कारण आपल्याकडे अशा वेळी मुलींनी हसायचं असतं. पहिला नंबर ज्या परीक्षणाला मिळाला त्यात ‘मनाचा ठाव घेणारी कलाकृती’ हे शब्द दोनदा आहेत. मोबाईलवर शोधलं तर अख्खा परिच्छेद सापडला, काना-मात्रेसकट. तो विद्यार्थी वाचक ठरला. अभिनंदन.

आता हे ‘कॉमिक’ काय आहे ते सांगते, कारण ते आपल्या विभागातही कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. पुस्तक 2011 चं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. दुर्गाबाईंना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे केंद्र सरकारच्या लेखी त्या कलावंत आहेत, आमच्या स्टाफरूमच्या लेखी चौथीतल्या पोरांसाठी चित्रं काढणाऱ्या बाई.

या चित्रकारांना पानावर चौकटी पाडणं मंजूर नव्हतं. कॉमिक म्हटलं की डबे आलेच, पण यांच्या पानांवर नक्षीच्या वळणदार पट्ट्या जातात आणि माणसं, झाडं, जनावरं मोकळी फिरतात. आगगाडी सापासारखी काढलेली आहे. सगळ्यात भारी म्हणजे बोलण्याचे फुगे. साधं, निर्मळ बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. आणि ज्याच्या तोंडातून जातीचं विष येतं, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. एक अक्षरही न वाचता कळतं की आता कुणीतरी डंख मारणार आहे. ही नांगी पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी मागची सगळी पानं उलटून पुन्हा पाहिली, कुणाकुणाच्या तोंडाला नांगी आहे ते. हेच मी परीक्षणात लिहिलं होतं. कुणी वाचलं असतं तर कळलं असतं.

आणि त्यातली एक गोष्ट आमच्या जिल्ह्यातली आहे, साहेब. 1901 साल. लहानगा भीम आपल्या भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघतो. वडील कोरेगावला खजिनदार. मुलं नवे कपडे घालून मसूर स्टेशनवर उतरतात, घ्यायला कुणीच आलेलं नसतं. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करतो, आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक जण तयार होतो, पण अट अशी की बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्रभर पाणी नाही. मसूर स्टेशन आजही पुणे-मिरज मार्गावर आहे. मी त्यावरून कितीतरी वेळा गेले आहे, खिडकीतून वडापाव घेत. शाळेत ‘बाबासाहेबांचे बालपण’ या विषयावर निबंध लिहून मी वर्गात पहिली आले होते आणि त्यात मसूर नव्हतं. हे स्टेशन मला गोंड चित्रकारांनी दाखवलं. आता तिथे गाडी थांबली की मी फलाटावर बघते. बास, एवढाच बदल झाला, पण तो झाला. वाचन म्हणजे आणखी वेगळं काय असतं, हे आपल्या विभागाने परिपत्रक काढून कळवावं.

सरांच्या माहितीसाठी हेही सांगते की ही गोष्ट कुणा कॉमिकवाल्याने रचलेली नाही. बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये लिहिली आहे, आणि ते लेखन महाराष्ट्र शासनाने त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात 1993 मध्ये छापलं आहे. तेव्हा मी तो खंडच का नाही वाचला? शोधला होता. मिळाला नाही. त्याचं कारण आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. 2021 मध्ये बातमी आली होती, बाबासाहेबांच्या खंडांच्या 9 लाख प्रतींसाठी सुमारे साडेपाच कोटींचा कागद घेतला आणि चार वर्षांत छापल्या 33 हजार. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेव्हा आपण या खात्यावर होतात की आणखी कुणी होतं, याच्याशी मला देणंघेणं नाही. खुर्ची तीच आहे. कागद गोदामात आणि मुलगी ग्रंथालयात, दोघंही वाट बघत बसलेले. आणि वाचन संकल्पाचे फ्लेक्स मात्र वेळेत छापून येतात, एकही कमी पडत नाही.

ग्रंथालयाचंही ऐका. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी शासनमान्य ग्रंथालय आहे. राज्यात अशी अकरा-बारा हजार आहेत म्हणे, आणि गावं चाळीस हजारांवर, म्हणजे मी नशीबवानच. तिथले काका चांगले आहेत. तुटपुंज्या पगारावर कपाटं पुसतात, वर्तमानपत्रं लावतात, उन्हाळ्यात पंखा बंद पडला की स्वतः स्टूलवर चढतात. मी ग्राफिक नॉव्हेल मागितलं तर त्यांनी प्रामाणिकपणे बालविभागाचं कपाट उघडून दिलं. त्यात पाठीवर सेलोटेप लावलेली जुनी अमर चित्र कथा होती, ‘चांदोबा’ चे बांधीव अंक होते. मी तेही वाचले, मला त्याची लाज नाही. पण मला हवं होतं ते कपाटच नव्हतं. “यादीत असेल तर घेतो बाळ, नाहीतर हिशेब तपासणीत अडकतो,” काका म्हणाले. शासनमान्य यादीत असतं काय, हे वर्षानुवर्षं कपाटांकडे बघून मला कळलं आहे. स्पर्धा परीक्षा, थोरांची चरित्रं, यशाची सूत्रं आणि आणखी स्पर्धा परीक्षा.

म्हणून मी ही पुस्तकं कशी वाचते ते सांगते. पुण्याला शिकणाऱ्या मैत्रिणीकडून उसनी. कधी झेरॉक्सवर, जिथे काळा रंग सगळा करडा होतो. कधी तडा गेलेल्या मोबाईलवर, पान बोटाने मोठं करत. दोन पानांवर पसरलेलं चित्र असेल तर मधोमध तडा. नवं घ्यायचं तर एकेक पुस्तक पाचशे-सहाशेच्या पुढे, म्हणजे माझ्या एसटीच्या पासाचे पैसे. शिष्यवृत्तीचं विचारू नका. पोर्टलवर अर्ज ‘प्रक्रियेत’ आहे, मागच्या वर्षापासून प्रक्रियेतच आहे, आणि प्रक्रिया कुणाची चालू आहे ते पोर्टललाही माहीत नाही.

अशी उसनवारी करत जे वाचलं त्याची मी एक वही ठेवते. कॉलेजने सांगितलं म्हणून नाही, सवय आहे. लहानपणी आई ‘चिंटू’ ची कात्रणं जुन्या डायरीत चिकटवायची आणि मी प्रत्येकाखाली पेन्सिलीने काहीतरी लिहायचे. बहुतेक ‘पप्पूचं बरोबर आहे’ असंच. वहीत मी ‘माउस’ बद्दल लिहिलं आहे. नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या आपल्या बापाची गोष्ट आर्ट स्पिगेलमनने सांगितली आहे, ज्यू म्हणजे उंदीर, पोलिश म्हणजे डुकरं आणि नाझी म्हणजे मांजरं काढून. जीव वाचवायला बाप पोलिश माणूस असल्याचं सोंग घेतो तेव्हा तो तोंडावर डुकराचा मुखवटा बांधतो, आणि दोरीची गाठ डोक्यामागे दिसते. मी त्या गाठीवर एक पानभर लिहिलं आहे. आमच्या हॉस्टेलमध्ये एक मुलगी नवीन मैत्रिणींना आडनाव सांगत नाही, नुसतं नाव सांगते. तिची गाठ मला त्या चित्रानंतर दिसली. याच पुस्तकाला 1992 मध्ये पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला आणि 2022 मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीमधल्या एका शाळामंडळाने दहा विरुद्ध शून्य मतांनी ते अभ्यासक्रमातून काढलं. त्यांना निदान ते पुस्तक वाटलं, म्हणून तर काढावं लागलं. आमच्याकडे तेवढीही पत नाही.

‘पर्सेपोलिस’ या चित्रांतल्या आत्मकथेबद्दलही लिहिलं आहे. मार्जान सत्रापीच्या इराणमधल्या मुली पहिल्याच पानावर एका रांगेत बसतात, सगळ्यांच्या डोक्यावर तोच काळा रुमाल, आणि तरी प्रत्येकीचा चेहरा वेगळा. वेणी, केस, ओढणी यांवर सूचना देणारं आमचं फलकवाङ्मय यावर थोडंसं लिहून मी थांबले. ते इथे देत नाही, अजून दोन वर्षं तिथेच काढायची आहेत.

फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ वरही एक ग्राफिक नॉव्हेल आहे, श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांचं, तेही 2011 चं, इंग्रजीत. ‘गुलामगिरी’ 1873 ची. फुले आपले, आंबेडकर आपले, मसूर आपलं, महाडचं तळं आपलं, आणि ही चित्रं मी शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजीतून वाचायची. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली तेव्हा आम्हाला पटांगणात उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. वाजवल्या. जानेवारी 2026 मध्ये 99वं साहित्य संमेलन आमच्या साताऱ्यात झालं, तिथेही गेले. ग्राफिक नॉव्हेल कुठे मिळेल विचारलं की गाळेवाले हात करायचे, लहान मुलांचं तिकडे. भिलार हे आपलं पुस्तकांचं गाव याच जिल्ह्यात. शासन पुस्तकांसाठी अख्खं गाव वसवतं आणि तालुक्यातल्या कपाटात एक फळी देत नाही.

बरं, चित्रं वाचणं हे काही परदेशी खूळ आहे का? कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची माणसं पिढ्यानपिढ्या चित्रांची पोथी पुढ्यात धरून, एकेक पान दाखवत, गाऊन रामायण सांगत आली. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. शि. द. फडणिसांनी एकही शब्द न वापरता तीन पिढ्यांना हसवलं आणि शाळेच्या गणिताच्या पुस्तकात चित्रं काढून गणितही सुसह्य केलं. 2025 मध्ये त्यांची शंभरी झाली तेव्हा कोण कौतुक! पण राज्य वाङ्मय पुरस्कारांचे प्रकार बघा. बालवाङ्मयात कविता, नाटक, कादंबरी, कथा असे वेगवेगळे खाने आहेत. चित्रकादंबरीला खाना नाही. उद्या माझ्यासारख्या एखादीने मसूरची गोष्ट मराठीत लिहून-काढून आणली तर ती कुठल्या खिडकीवर द्यायची?

मला ठाऊक आहे, आपण म्हणाल की पुरस्कार आणि अनुवाद मराठी भाषा विभागाचं काम, शाळा शालेय शिक्षणाकडे, ग्रंथालयं तेवढी आमच्याकडे. हीच तर गंमत आहे. कोणतंही दुखणं घेऊन गेलं की ते शेजारच्या खात्याचं निघतं. आमच्या सरांचंही तेच. ते घड्याळी तासावर आहेत, पुढच्या जूनमध्ये असतील की नाही त्यांना माहीत नाही, मानधन कधी येतं कधी नाही, स्पर्धेची समिती त्यांच्या गळ्यात कुणीतरी मारलेली. त्यांनी माझी आठ पानं तपासायची कशी? मला त्यांचा राग आहे आणि तो जाणार नाही. पण भरती कुणी अडवली आहे, ग्रंथपालांच्या रिकाम्या जागा कुणी भरल्या नाहीत, याची उत्तरं त्या स्टाफरूममध्ये मिळणार नाहीत.

आमच्या वर्गातली निम्मी मुलं गाईडवर पास होतात. मूळ कादंबरी न वाचता तिच्यावर सोळा गुणांचं उत्तर लिहिता येतं, ‘कथानक, पात्रचित्रण, भाषाशैली’, आणि विद्यापीठ ते मान्य करतं. त्याला कुणी बालिश म्हणत नाही. मी विंचवाच्या नांगीवर लिहिलं, ते बालिश.

मागण्या करायच्या राहिल्या. ग्राफिक नॉव्हेलना शासनमान्य यादीत स्वतःचं स्थान द्या, बालविभागाबाहेर. ‘भीमायन’ आणि फुल्यांवरचं ते पुस्तक तालुक्याच्या प्रत्येक ग्रंथालयात पोचवा, आणि मराठीत पोचवा. मराठी भाषा विभागाशी आपलं बोलणं होत असेल तर पुरस्कारात एक खाना वाढवायला सांगा. विभागाच्या नावाने होणाऱ्या स्पर्धांमध्ये पुस्तक कशाला म्हणायचं ते लेखी कळवा, म्हणजे ‘कोणतंही’ लिहून नंतर हसण्याची सोय राहणार नाही. आणि बारावा खंड छापा. कागद शिल्लक असेलच.

‘आपले पत्र पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे अग्रेषित करण्यात आले आहे’ हे उत्तर कृपया पाठवू नका. ते मला शिष्यवृत्तीच्या वेळी आलेलं आहे.

आपली,
द्वितीय वर्ष कला शाखेची एक विद्यार्थिनी,
जिल्हा सातारा