बायकांच्या आरोग्याची खात्रीची माहिती मराठीत छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव तालुक्यातल्या एका गावात मेडिकल चालवते. काउंटरवर बाई असते म्हणून शेजारच्या गावांतल्या बायकाही माझ्याकडे येतात. गिऱ्हाईक पांगेपर्यंत बाजूला थांबतात आणि मग हळू आवाजात विचारतात. हे प्रश्न खरे तर डॉक्टरांना विचारायचे असतात. पण तिथे नवरा नाहीतर सासू बरोबर असते, बाहेर रांग असते, आणि बाई न विचारताच परत येते.

गावात महालक्ष्मीची यात्रा ठरली की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांना मागणी येते. गणपतीतही तेच. ही गोळी पाळीच्या तारखेच्या साधारण ३ दिवस आधी सुरू करावी लागते. आदल्या संध्याकाळी धावत येऊन उपयोग नसतो. लिव्हरचा आजार असेल, पायाच्या शिरेत कधी रक्ताची गाठ झाली असेल, स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, तर ती घेऊच नये. ती गर्भनिरोधकही नाही. म्हणून मी डॉक्टरांची चिठ्ठी मागते. पण एकीच्या पट्टीत उरलेल्या गोळ्या जाऊ घेते, जावेची शेजारीण घेते. तिथे चिठ्ठी कोण मागणार?

गर्भपाताच्या गोळ्या मागायला बहुतेक वेळा नवरा येतो. बाई घरीच. किती दिवस झाले, सोनोग्राफी केली का, त्याला काही सांगता येत नाही. नियमाप्रमाणे या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि ९ आठवड्यांच्या आतच घ्यायच्या, आणि आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ नळीत राहिला असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही. नळी फुटून बाई दगावू शकते. म्हणून चिठ्ठीशिवाय मी त्या देत नाही, आणि त्यावरून शिव्याही ऐकते. कायदा काय आहे हेही बायकांपर्यंत पोहोचलेले नाही. गर्भपाताला नवऱ्याची सही लागते असे त्यांना अजून वाटते. १९७१ च्या कायद्याप्रमाणे सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हे माहीत नसल्यामुळेच बाया चोरून कुणाच्यातरी हातच्या गोळ्या घेतात.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. साठीच्या एक मावशी दर थोड्या दिवसांनी पॅडचे पाकीट न्यायच्या. सुनेसाठी म्हणायच्या. सून मात्र स्वतःसाठी वेगळ्या कंपनीचे न्यायची. दुकानात कुणी नाही असे बघून एके दिवशी मी विचारलेच. मावशी म्हणाल्या, "अक्का, पाळी जाऊन धा वर्सं झाली. आता परत जातंय अंगावरनं. उष्णतेनं होतंय म्हनत्यात." सब्जाचे पाणी पिणे चालले होते, मोबाईलवर कुणीतरी सांगितले म्हणून. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला तरी लगेच डॉक्टरांकडे जायचे असते. गर्भाशयाच्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते. मावशी सुनेला घेऊन सिव्हिलला गेल्या, तपासणी झाली, उपचार सुरू आहेत. पण उष्णता समजून गेलेले ते महिने कोण परत आणून देणार?

या मावशी चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकल्या. तुमचा पेपर रोज वाचतात. आरोग्य केंद्राच्या भिंतीवरचा तक्ता कन्नडमध्ये, गरोदर बाईला मिळणारे ताई कार्ड कन्नडमध्ये, औषधाच्या खोक्यातला कागद इंग्रजीत आणि तोही मुंगीएवढ्या अक्षरांत. कन्नडशी माझे भांडण नाही, स्टॉकिस्टशी मी दिवसभर कन्नडच बोलते. प्रश्न असा आहे की मावशींना तो तक्ता वाचून दाखवणार कोण? कन्नड शाळेत जाणारा नातू? अंगावरून जाण्याची गोष्ट नातवाकडून वाचून घेण्यापेक्षा ती बाई गप्प बसेल, आणि तशी ती बसलीच होती. आशाताई मराठीत बोलतात, जीव तोडून काम करतात, पण बाईला घरी नेऊन एकटीला वाचायला द्यावा असा कागद त्यांच्याकडे नसतो.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीचा एक मोठा अभ्यास बेळगाव जिल्ह्यातल्याच खेड्यांत झाला. इथल्या १,६२० बायकांनी त्यात भाग घेतला, गावागावांतल्या नर्सबाईंनी गोळ्या दिल्या, आणि जास्त रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचला. आमच्या बायकांनी जगाला एवढी माहिती दिली. त्यांच्या स्वतःच्या शरीराची माहिती मात्र त्यांना शेजारणीकडून आणि व्हॉट्सॲपवरून घ्यावी लागते. ज्या गोळीचा हा अभ्यास झाला, तीच गर्भपाताच्या पाकिटातही असते आणि आज ती चोरून घेतली जाते.

भाषांतराचा खर्च होईल असे कुणी सांगू नये. शिनोळीची हद्द ओलांडली की चंदगड तालुका लागतो, तिथल्या आरोग्य केंद्रांत महाराष्ट्र सरकारची पत्रके मराठीतच असतात. जिल्हा आरोग्य खात्याने ती तपासून, इथल्या दवाखान्यांचे पत्ते घालून बेळगाव, खानापूर आणि निपाणी तालुक्यांतल्या उपकेंद्रांत ठेवावीत. तिशीनंतर गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, एवढी एक ओळ जरी मोठ्या अक्षरांत लावली तरी पुष्कळ बायका जातील.

आणि आपल्याला एक विनंती. आठवड्यातून एकदा अर्धा कॉलम द्या. बायकांनी नाव न घालता प्रश्न पाठवावेत आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी स्वतःच्या नावानिशी उत्तर द्यावे. काढे आणि तेलांच्या जाहिराती त्या पानावर नकोत. सुरुवातीचे प्रश्न मी देते, रोज कानावर पडणारेच आहेत: अंगावरून पांढरे जाते ते कधी दाखवायचे? तांबी बसवल्यावर कंबर दुखते का? पस्तिशीतच पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरांना काय विचारायचे?

आपली,
एक मेडिकल दुकानदार भगिनी,
ता. जि. बेळगाव