मयूरला, फोनवर राहिलेलं उत्तर

यावल, जि. जळगाव

चि. मयूर,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू म्हणालास, "अण्णा, ते लोक चोरवाटेने गेले. त्यांच्यामुळे आमचं नाव खराब होतं." अमेरिकेने परत पाठवलेल्या आपल्या माणसांना घेऊन फेब्रुवारी २०२५ मध्ये अमृतसरला उतरलेल्या त्या लष्करी विमानाचा विषय होता. १०४ माणसं, हातात बेड्या, पायात साखळ्या. तेव्हा मला बोलणं सुचलं नाही.

चोरवाट म्हणण्याआधी सरळ वाट कुणासाठी ठेवली होती ते बघ. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना कायदा करून दार लावलं, १९१७ मध्ये आपल्यालाही. पंजाबातले भगतसिंग थिंद आधीच तिथे होते, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच फौजेत होते. नागरिकत्वासाठी त्यांनी कोर्टात सांगितलं, मी उच्च जातीचा आर्य, म्हणजे गोराच. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की साधा माणूस ज्याला गोरा म्हणतो, त्यात हे बसत नाहीत. बाळा, त्या निकालाइतकंच मला त्यांचं म्हणणं टोचतं. आपल्याला आत घ्यावं म्हणून बाहेर उभ्या असलेल्या बाकीच्यांपासून त्यांनी स्वतःला वेगळं काढलं. रविवारी तूही तेच केलंस.

१९४६ मध्ये दार किलकिलं झालं, अख्ख्या हिंदुस्थानातून वर्षाला १०० माणसं. १९६५ च्या कायद्याने मूळ देश पाहून केलेली ती वाटणी मोडली, म्हणून तू तिथे आहेस. तरी ग्रीन कार्डात, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्यात, एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहेच, मग देश केवढाही असो. एक कागद इकडचा तिकडे न करणारा तू, अजून रांगेतच.

मी सुरतला लूमवर होतो तेव्हा उधन्यात खोली शोधत फिरलो. नाव विचारायच्या आधी "खानदेशी का?" विचारायचे, आणि खोली भरलेली असायची. देश आपलाच, व्हिसा लागत नव्हता. तरी रात्री स्टेशनावर झोपलो. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

त्या विमानातल्या कितीतरी घरांनी जमीन विकून एजंटाचे पैसे भरले. विहिरीकडचा आपला केळीचा मळा आठवतो ना? तुझ्या फीसाठी तो विकला त्या दिवशी तुझी आई बांधावर बसून रडली होती. टीव्हीवर त्या पोरांच्या आया दिसल्या, तेव्हा ती उठून आत गेली.

तुझा,
अण्णा