शोधताना आपण काय सांगून बसतो?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्यांसोबत ‘पासवर्ड कोणाला देऊ नका’, ‘अनोळखी लिंक उघडू नका’ असे सल्ले वृत्तपत्रांतून नेहमी दिले जातात. ते आवश्यकच आहेत. मात्र ते सारे चोरापासून सावध राहण्याचे आहेत. कोणी न मागता आपण स्वतःहून सर्च इंजिनच्या चौकटीत रोज जे लिहून देतो, त्याविषयी फारसे बोलले जात नाही. ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवावरून मला असे वाटते की, नेमके शोधता येणे आणि आपला खासगीपणा राखणे ही दोन वेगळी कौशल्ये नाहीत; पहिले अंगवळणी पडले की दुसरे निम्मे साधते.

संदर्भ विभागात येणारा वाचक आपला खरा प्रश्न पहिल्याच वाक्यात क्वचित विचारतो. ‘कायद्याची पुस्तके कुठे आहेत?’ असे विचारणाऱ्याला बहुधा एकदा करून दिलेले बक्षीसपत्र रद्द करता येते का, एवढेच हवे असते. दोन-चार प्रतिप्रश्न करून त्याच्या मूळ गरजेपर्यंत पोहोचणे हे ग्रंथपालाचे काम, आणि त्या ओघात कानांवर आलेली घरातली गोष्ट तिथेच ठेवणे हाही त्याच कामाचा भाग. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने तर १९३९ च्या आचारसंहितेतच वाचकांची खासगी माहिती गुप्त ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य मानले होते. सर्च इंजिनपुढे बसल्यावर आपण हीच सवय मनात ठेवून सगळी हकिकत मोकळेपणाने लिहितो. पण समोर असते ती नोंद ठेवणारी यंत्रणा.

या नोंदींतून काय उलगडते, हे ऑगस्ट २००६ मध्ये जगाने पाहिले. अमेरिकेतील एओएल या इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले जवळपास दोन कोटी शोध जाहीर केले. नावे काढून प्रत्येकाला फक्त एक क्रमांक दिला होता. तरीही काही दिवसांतच ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पत्रकारांनी अशा एका क्रमांकामागची ज्येष्ठ महिला शोधून काढली. तिने आपल्या आडनावाच्या माणसांचा आणि आपल्या गावातल्या बागकाम करणाऱ्यांचा शोध घेतला होता. ओळख पटायला तेवढे पुरेसे ठरले. कंपनीने ती माहिती तातडीने काढून घेतली, पण तोवर तिच्या प्रती सर्वत्र पसरल्या होत्या. त्या महिलेचा एकही शोध आक्षेपार्ह नव्हता, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. साधेसुधे प्रश्न एकत्र आले की त्यांतून माणूस उभा राहतो.

म्हणून चौकटीत हकिकत लिहू नये, विषय लिहावा. ‘माझ्या ४६ वर्षांच्या बहिणीला नवरा मारतो, तिने काय करावे’ असे लिहिणाऱ्याची तळमळ मी समजू शकतो. परंतु ‘कौटुंबिक हिंसाचार तक्रार प्रक्रिया’ असे लिहिले तर उत्तरही अधिक कामाचे मिळते आणि बहिणीचे वय, नाते, घरातली परिस्थिती यांतले काहीच बाहेर जात नाही. यापुढची पायरी म्हणजे शोध कुठे घ्यायचा हे आपणच ठरवणे. ‘साइट’ हा शब्द रोमन लिपीत लिहून त्याला जोडून विसर्गासारखी दोन टिंबे आणि मध्ये जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता दिला, तर फक्त त्याच संकेतस्थळावरची पाने मिळतात. आजार, औषधे आणि कायदा यांबाबतीत मी हीच पद्धत वापरतो. जाहिरातींची आणि ऐकीव माहितीची पाने त्यामुळे आपोआप बाजूला पडतात. शब्दसमूह जसाच्या तसा हवा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा. नको असलेल्या शब्दाआधी, त्याला चिकटून, वजाचे चिन्ह द्यावे.

मराठीत शोधणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. आपली लिपी हिंदीशी सामाईक असल्यामुळे ‘पाठ’ एवढेच लिहिले तर शरीराच्या भागाऐवजी धडे आणि स्तोत्रपठण पुढे येते. ‘पाठदुखी व्यायाम’ असा जोडशब्द लिहिला की गाडी रुळावर येते. ऱ्हस्व-दीर्घ बदलून, तसेच जोडशब्द तोडून एकदा शोधून पाहावे, कारण संकेतस्थळांवरचे लेखन एकसारखे नसते.

शब्द कितीही जपून निवडले तरी आपण खात्यात लॉगिन असू तर विचारणारा कोण, हे यंत्रणेला ठाऊकच असते. गूगलच्या खात्यात शोधांची नोंद बंद करण्याची, किंवा ३, १८ अथवा ३६ महिन्यांनी ती आपोआप पुसली जाण्याची सोय आहे. ती एकदा उघडून पाहावी. आपण टाइप करत असतानाच पुढचे शब्द सुचवले जातात, याचा अर्थ ‘शोधा’ म्हणण्याआधीच आपली अक्षरे सर्व्हरकडे पोहोचत असतात, हेही लक्षात असावे. डकडकगोसारखी सर्च इंजिने व्यक्तिनिहाय शोध-इतिहास ठेवत नाहीत आणि जाहिराती त्या वेळच्या शब्दांवरून दाखवतात. मराठी मजकुरासाठी मला ती काहीशी तोकडी वाटली, म्हणून आजारपण, पैसा आणि कायदा यांसाठी मी ती वापरतो आणि बाकी शोध नेहमीच्या ठिकाणी घेतो.

ब्राउझरच्या खासगी खिडकीविषयी, म्हणजे ‘इनकॉग्निटो’विषयी, मोठा गैरसमज आहे. ती बंद केल्यावर त्या उपकरणावर इतिहास आणि कुकीज (आपल्याला पुन्हा ओळखता यावे म्हणून संकेतस्थळे ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) उरत नाहीत, इतकेच. आपण उघडलेल्या संकेतस्थळाला आपण दिसतोच. इंटरनेट पुरवणाऱ्याला किंवा कार्यालयाच्या नेटवर्कलाही, पानावरचा मजकूर नाही तरी संकेतस्थळाचे नाव सहसा कळते. याच प्रश्नावर गूगलविरुद्ध अमेरिकेत २०२० मध्ये दावा दाखल झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. तरीही ही खिडकी निरुपयोगी नाही. एकच फोन सगळे घर वापरत असेल, तर मघाच्या उदाहरणातल्या बहिणीला तिचा खरा उपयोग आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मोफत ऑनलाइन साधनांची. फाइल लहान करणे, स्कॅनमधला मजकूर वेगळा काढणे, भाषांतर, पत्राचा मसुदा अशा कामांसाठी आपण ओळखपत्रे, वैद्यकीय अहवाल आणि करारनामे विनासंकोच अपलोड करतो. भाषांतराच्या एका मोफत संकेतस्थळावर टाकलेला गोपनीय मजकूर साध्या शोधात कोणालाही सापडत असल्याचे २०१७ मध्ये नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने उघड केले होते. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा गोपनीय मूळ मजकूर, चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाल्यावर तिथे अशा साधनांच्या वापरावर बंदी आली. जाणकारांची ही गत, तर घाईत असलेल्या सामान्य माणसाला दोष कसा द्यावा? फाइल लहान करण्यासारखी कामे संगणकावरच्या प्रोग्रॅमने इंटरनेटशिवाय करता येतात. भाषांतर किंवा मसुदा हवाच असेल तर नाव, पत्ता, खाते क्रमांक यांच्या जागी ‘अ’, ‘ब’ लिहावे आणि काम झाल्यावर आपल्या प्रतीत खरे तपशील भरावेत. याला दोन मिनिटे लागतात आणि भाषांतरात काही उणे पडत नाही.

शेवटी एक विनंती थेट आपल्याला. वृत्तपत्रांसह अनेक संकेतस्थळे उघडताच कुकीजची परवानगी मागणारा फलक येतो. त्यात ‘स्वीकारा’ ठळक असते आणि नकाराचा पर्याय दोन-तीन पानांआड दडलेला असतो. कुकीज स्वीकारण्याइतके सोपे त्या नाकारणे नाही, या कारणावरून फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचे जाहीर केले. आपल्या संकेतस्थळावर ‘स्वीकारा’ आणि ‘नाकारा’ ही दोन्ही बटणे शेजारीशेजारी, सारख्या आकाराची आणि मराठीत असावीत, आणि ‘नाकारा’ म्हणणाऱ्या वाचकालाही बातमी तितक्याच सहजपणे वाचता यावी. आपण याचा विचार कराल, अशी आशा आहे.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल